तीनच्या आधीचं वीस

ओंडके तोडण्याच्या शर्यतीत माणूस जितका चांगला, तितका तो जास्त वेळ नुसता उभा राहतो. नवख्याला आकडा मिळतो तीन. मोजणाऱ्याने 'तीन' म्हटलं की त्याने पहिला घाव घालायचा. उस्तादाला मिळतो बावीस. एकापासून एकविसापर्यंत उस्ताद कुऱ्हाड धरून, शेजाऱ्यांच्या ढलप्या अंगावर घेत, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याच्या चेहऱ्याने उभा. गणित बरोबर जमलं तर सगळे ओंडके साधारण एकाच क्षणी पडतात, आणि मग खरं कोण जिंकलं यावर दोन आठवडे भांडता येतं. पेनर्स फ्लॅट या आमच्या गावात दोन आठवडे पुरेल असं दुसरं काही घडत नाही.

मोजणारा मी. इथल्या शाळेत गणित शिकवायला आलो तेव्हा क्लबच्या मंडळींनी असा निष्कर्ष काढला की याला आकडे क्रमाने येत असणार. त्याला आता एकतीस वर्षं झाली. शाळा सुटली, मोजणं सुटलं नाही. टास्मानियाच्या या कोपऱ्यात माझं नाव कुणाला नीट घेता येत नाही, म्हणून सगळे 'मास्तर' म्हणतात. हंगामात दर शनिवारी मी हातात घड्याळ धरून एक ते बावीस म्हणतो. एवढ्या छोट्या भूमिकेत इतकी वर्षं टिकलेला नट दुसरा नसेल.

पण सांगायचंय ते लेस्टर ट्रिफिटबद्दल.

लेस्टर एकाहत्तर वर्षांचा. कौन्सिलचा ग्रेडर चालवून निवृत्त झाला. खडीचे रस्ते सपाट करण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि प्रत्येक हिवाळ्याने ते पुन्हा उखडून ठेवले, त्यामुळे काम संपतं या कल्पनेवर त्याचा फारसा विश्वास नाही. उंच, खांदे उतरलेले, कान मोठे. चाळिशीत तो आमच्या जिल्ह्याचा बावीस आकड्याचा माणूस होता. मग या खेळात जसं होतं तसंच झालं. वय वाढलं तसा आकडा उतरला: अठरा, बारा, सात, पाच. गेल्या वर्षी तीन. सोळाव्या वर्षी त्याने जिथून सुरुवात केली तोच तीन. त्याच्या खाली काही नाही. एक-दोन नुसते तोंडाला लय यावी म्हणून मोजतात.

त्याच्या शेडची एक भिंत बघण्यासारखी आहे. प्रत्येक शर्यतीनंतर घरी आलं की तो सुताराच्या पेन्सिलीने तिच्यावर एक ओळ लिहितो, आज काय शिकलो याची. जिंकला की हरला ते लिहीत नाही. ते पेपरात येतं, म्हणतो. सगळ्यात जुनी ओळ खिडकीपाशी आहे: 'पावसात भिजलेल्या ओंडक्याला वरून मारू नये.' मग 'डावा पाय.' नुसतं एवढंच. तीन वर्षांनी पुन्हा 'डावा पाय', खाली दोन रेघा. 'शर्यतीआधी नोरीनशी भांडू नये.' 'शर्यतीनंतरही.' अठ्ठावन्नाव्या वर्षाची एक ओळ आहे: 'धार लावायला आजपासून पहिल्यापासून.' त्या साली न्यूझीलंडहून आलेल्या एका माणसाची कुऱ्हाड त्याने हातात घेऊन पाहिली, घरी येऊन स्वतःच्या सहाही कुऱ्हाडींची धार दगडावर घालवून टाकली आणि नव्याने लावायला बसला. त्या हंगामात तो एकदाही पहिल्या पाचात आला नाही. पुढच्या हंगामात दोनदा जिंकला. विचारलं तर म्हणाला, "मधलं वर्ष शाळेत होतो."

नोरीन त्याची बायको. बावन्न वर्षांचा संसार. "सगळं शिकला," ती म्हणते, "फक्त ओला टॉवेल कुठे टाकायचा ते राहिलंय. भिंतीवर जागा आहे अजून."

भिंतीवर जागा खरंच आहे. दाराच्या चौकटीला लागून, हातभर.

तर ऑगस्टमध्ये, इथल्या हिवाळ्यात, क्लबची वार्षिक सभा होती, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. हीटर चालू, चहा गार. डार्सी मॉट उठला. डार्सीची बटाट्याची शेती आहे, आणि क्लबमध्ये कुणाला कोणता आकडा द्यायचा ते तोच ठरवतो. तरुणपणी तीस वर्षं त्याने लेस्टरकडून मार खाल्ला, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नाही. तो सगळ्यांशी सारखाच कडवट असतो.

"लेस, आम्ही विचार केलाय," डार्सी म्हणाला.

"सगळ्यांनी मिळून?" लेस्टर म्हणाला. "मग काळजीच आहे."

"तुला क्लबचा आश्रयदाता करायचं म्हणतोय."

"त्याला काय करावं लागतं?"

"बसावं लागतं."

डार्सीने मागून एक खुर्ची आणली. घडीची, हिरव्या कॅनव्हासची, हाताशी कप ठेवायला भोक असलेली. पाठीवर पांढऱ्या रंगात 'एल. ट्रिफिट' लिहून झालं होतं. म्हणजे विचार बराच पुढे गेला होता.

लेस्टरने भोकात बोट घालून पाहिलं. "आणि कुऱ्हाड?"

"भिंतीवर. शोभून दिसते."

"मी अजून तोडतोय, डार्सी."

"तोडतोयस. पण तीनवर. आणि तीनवर सुटूनही शेवटचा येतोयस. तीन हा आकडा दोघांचाच असतो, लेस. नवशिक्याचा, आणि..."

"आणि?"

"आणि ज्याला सांगायला कुणी धजत नाही त्याचा. मी सांगतोय."

हॉलमध्ये एकदम सगळ्यांना आपापल्या कपात पाहायची गरज वाटली.

"मग मी पहिल्यातला," लेस्टर म्हणाला. "नवशिक्या. ऐक, या हंगामात तू मला एक सेकंद मागे टाकणार. चार देणार. नाही दिलास तर डिसेंबरच्या जत्रेनंतर मी या खुर्चीत बसतो, भोकात कप ठेवतो, आणि जन्मात पुन्हा कुऱ्हाडीला हात लावत नाही."

"मागे टाकणं ही शिक्षा असते. ती अर्ज करून मिळत नाही. पहिल्या तिघांत ये, आपोआप मिळेल."

"लिहून घे."

"त्यात लिहायचं काय," डार्सी म्हणाला, पण लिहून घेतलं.

आमच्या खेळातली खरी कला म्हणजे आकडा हलका करून घेणं. चांगले धडधाकट पुरुष ऑक्टोबरभर कंबर धरून चालतात, ओंडक्यापुढे कण्हतात, डार्सी बघत असेल तर दोन घाव हवेत घालतात. आकडा जड करून मागणारा माणूस एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिला.

दर गुरुवारी दुपारी जत्रेच्या मैदानामागे टीगन ब्रॅक नवशिक्यांना शिकवते. टीगन तेहतीस वर्षांची, दुधाचा टँकर चालवते, तिचा आकडा सतरा. कुऱ्हाड धरायला तिला आठ वर्षांपूर्वी लेस्टरनेच शिकवलं. सभेनंतरच्या एका गुरुवारी रांगेत गावचा दंतवैद्य होता, स्ट्रॉबेरीच्या मळ्यावरच्या दोघी बहिणी होत्या आणि टोकाला लेस्टर, पांढरा गंजीफ्रॉक घालून.

"काय रे, बघायला आलास?" टीगनने विचारलं.

"नाव घाल माझं."

"लेस, उगाच चेष्टा करू नकोस."

"तीन आकडा आहे माझा. नियमाने माझी जागा इथेच."

टीगनने त्याचं नाव घातलं. मग पुढचा तास तिने त्याला जराही सूट दिली नाही, आणि ती लेस्टरनेच शिकवलेली असल्यामुळे तो तक्रारही करू शकत नव्हता. मोजायला मी होतोच. तिने फोन तिपाईवर लावला आणि सगळ्यांचा पहिला घाव टिपला. मग एकेकाला बोलावून दाखवायला लागली.

"हे बघ. इथे मास्तर तीन म्हणतोय. दंतवैद्याची कुऱ्हाड लाकडात. दोघी बहिणींची लाकडात. तुझी कुठेय?"

लेस्टरने चष्मा लावला. "खांद्यावर."

"अजून खांद्यावर. सगळ्यांच्या मागून पडतेय, जवळजवळ एक सेकंद. मग ते गाठायला पुढचे चार घाव घाईत आणि वाकडे. तुझे हात म्हातारे नाही झालेत, लेस. तू सुरुवातच उशिरा करतोयस."

"दंतवैद्याला घाई असते," लेस्टर म्हणाला. "त्याच्या खुर्चीत कुणी फार वेळ बसत नाही."

"माझ्या खुर्चीला नावं ठेवू नकोस," दंतवैद्य म्हणाला. "तुझी स्वतःची खुर्ची रंगवून तयार आहे."

टीगन हसली नाही. "कुऱ्हाड कधी उचलतोस?"

"माझा आकडा आला की."

"पूर्वीही असंच करायचास? बावीसवर असताना?"

लेस्टरने चष्मा काढला. मग माझ्याकडे वळला. "मास्तर, जरा पंधरापासून मोज बरं."

मी मोजलं. तो ओंडक्यापुढे उभा राहिला, डोळे अर्धे मिटून. एकवीस झाले. पुढे जे झालं ते मी हजार वेळा समोर उभं राहून पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. इंग्रजीत बावीसचे दोन तुकडे असतात. आधी 'वीस', मग 'दोन'. आपल्यासारखं एका घासात बावीस नाही. माझ्या तोंडून 'वीस' निघालं आणि कुऱ्हाड वर गेली. 'दोन' निघालं आणि ती लाकडात होती. घड्याळजीने लावल्यासारखी.

"पुन्हा," टीगन म्हणाली. पुन्हा तेच. अठरा मोजून पाहिलं, थोडं कमी पण तेच. त्यांच्या अठरालाही शेपूट आहे.

"तू आकड्यावर सुरुवात करतच नव्हतास कधी," टीगन हळूच म्हणाली. "आकड्याच्या अर्ध्यावर करायचास. तीनला अर्धं नाहीये."

पन्नास वर्षं जी कला आपल्या अंगात आहे असं वाटलं, ती बरीचशी एका शब्दाच्या अंगात होती असं कळलं तर एखादा माणूस खचला असता. लेस्टर इतका खूष झाला की त्याने दंतवैद्याची पाठ थोपटली. त्या संध्याकाळी भिंतीवर ओळ आली: 'तीनला वीस नसतं.'

उपाय सोपा दिसत होता. टीगन म्हणाली, "'दोन' हेच तुझं 'वीस' समज. दोन ऐकलं की उचल." लेस्टरने महिनाभर तेच घोकलं. रस्त्यात भेटला तरी "दोन!" म्हणून हात वर करायचा. समोरून येणाऱ्यांना वाटायचं अभिवादन करतोय. ते उलट हात करायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी लोअर हॅम्लिनची छोटी जत्रा. ऊन चांगलं, मेंढ्या धुतलेल्या, बायकांच्या मंडळाच्या तंबूत स्कोन आणि जॅम. उभ्या ओंडक्याच्या शर्यतीला सहा जण. मी घड्याळ काढलं. एक. दोन. आणि खाडकन् आवाज आला. सुरेख, खोल, कसलाही किंतु नसलेला घाव. माझं 'तीन' त्याच्यानंतर निघालं.

नियम एका ओळीचा आहे. आकड्याआधी घाव पडला की माणूस बाद. बाद करतो मोजणारा. मी हात वर केला आणि लेस्टरकडे बोट दाखवलं. मोजणं थांबवता येत नाही, त्यामुळे एकीकडे "सात, आठ, नऊ" म्हणत मी एकतीस वर्षांच्या मित्राला मैदानाबाहेर काढलं. आयुष्यात गणिताचा इतका कंटाळा मला कधी आला नव्हता.

नंतर तो जवळ आला. "कितीला पडला?"

"पावणेतीनला."

"पाव सेकंद," तो म्हणाला. "आधी पाऊण सेकंद उशीर होता. म्हणजे मधे कुठेतरी असणार."

डार्सीने खुर्ची गाडीतून आणली होती. सहज, म्हणाला, जागा होती मागे. ती चहाच्या तंबूबाहेर उघडून ठेवलेली होती. लेस्टरने तिच्याशेजारी उभं राहून दोन स्कोन खाल्ले. बसला नाही. डार्सी म्हणाला, "पाठीला बरी असते रे." लेस्टर म्हणाला, "मग तूच बस, बटाटे काढून वाकला आहेस." भिंतीवरची त्या दिवसाची ओळ: 'दोन म्हणजे तीन नव्हे. मास्तर बरोबर होता.' दुसरं वाक्य त्याने मला मुद्दाम शेडमध्ये नेऊन दाखवलं. तीन रात्री झोप लागली नव्हती मला, ते त्याने बहुधा नोरीनकडून ऐकलं असावं, आणि नोरीनने माझ्या बायकोकडून.

अडचण अशी होती. 'वीस' आणि 'दोन' यांत जेमतेम पापणी लवण्याइतकं अंतर. पण 'दोन' आणि 'तीन' यांत अख्खा एक सेकंद, कारण मी घड्याळाने मोजतो. दोनवर उचललेली कुऱ्हाड तीनपर्यंत हवेत थांबत नाही. थांबवली तर घावातला जोर जातो. तीनवर उचलली तर उशीर. थोडक्यात, लेस्टरला उचलायला जो क्षण हवा होता तिथे कुणी काही बोलतच नव्हतं.

नोव्हेंबरभर मी रोज सकाळी त्यांच्या परसात जाऊन मोजत बसलो. लेस्टर जुन्या कुंपणाच्या खांबावर घाव घाली. कधी लवकर, कधी उशिरा. मनातल्या मनात अंतर धरायला गेला की चुकायचा. टीगन टँकर घेऊन जाताना थांबायची, दोन घाव बघायची, मान हलवायची आणि दूध नासेल म्हणून निघून जायची. जत्रा दहा दिवसांवर आली तेव्हा दहांतले चार घाव बरोबर पडत होते.

त्या दिवशी नोरीन पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली. "महिना झाला. चर्चमध्ये परवा भजन सुरू करायला मी 'एक, दोन' म्हटलं आणि बाहेर गटार साफ करणारा हा हात वर करून उभा."

"सवय, नोरीन."

"सवय कसली. लग्नातही तू 'हो' उशिराच म्हणालास. पाद्रीबाबा घाबरला होता बिचारा."

"त्याने आकडा सांगितला नव्हता."

"नक्की अडतंय कुठे तुमचं?" तिने मला विचारलं. मी सांगितलं. वीस, दोन, पापणी, सेकंद. गणिताचा शिक्षक सांगतो तसं सविस्तर सांगितलं. नोरीनने एक शेंग पूर्ण सोलून होईपर्यंत ऐकलं.

"म्हणजे याला तीनच्या आधी वीस हवंय."

"हो."

"मग ते यानेच म्हणावं की. मास्तरला काय पगार मिळतो का, सगळं त्यानेच म्हणायला?"

लेस्टरने खांबापुढे पाय रोवले. मग म्हणाला, "मोज."

मी मोजलं. एक. दोन. आणि मधल्या त्या रिकाम्या जागेच्या शेवटाला लेस्टरच्या तोंडून, दाढी करताना पुटपुटतात तितक्या आवाजात, 'वीस' आलं. कुऱ्हाड वर गेली. मी तीन म्हटलं. तीन आणि घाव एकत्र पडले. त्याच्या हिशेबाने तेवीस झाले होते.

"पुन्हा," तो म्हणाला.

नऊ वेळा बरोबर. दहाव्यांदा खांब मोडला.

"तो खांब कोंबड्यांच्या बाजूचा होता," नोरीन म्हणाली, आणि शेंगा घेऊन आत गेली.

डिसेंबरची मोठी जत्रा आमच्याच मैदानावर होते. मागे रोलंडचा डोंगर, पुढे चिखल, मधे आम्ही. उभ्या ओंडक्याच्या अंतिम शर्यतीला सहा जण: तीनवर लेस्टर आणि दंतवैद्य, नऊवर थोरली बहीण, चौदावर दुधाच्या कारखान्यातला एक जण, सतरावर टीगन, आणि बावीसवर किनाऱ्याकडून आलेला एक रुंद गळ्याचा उस्ताद. ओंडके डोंगरी निलगिरीचे, ताजे. खुर्ची दोरीला लागून ठेवली होती, पाठीवरचं नाव प्रेक्षकांकडे.

लेस्टर माझ्यासमोरून गेला तेव्हा म्हणाला, "मास्तर, नेहमीसारखंच मोज हं."

मी समजलो. 'दोन' जरासं ओढून म्हणणं किंवा 'तीन'ला किंचित घाई करणं माझ्या हातात होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आलं असतं फक्त त्याच्या. मी नजर घड्याळाच्या काट्यावर ठेवली, ती तिथून हलवली नाही.

मोजणाऱ्याला शर्यत दिसत नाही, ऐकू येते. एक. दोन. माझ्या उजवीकडून कुणीतरी खाली मान घालून 'वीस' म्हणालं. तीन. दोन घाव एकदम पडले, एक कोरडा, एक खोल. खोल कुणाचा ते मला माहीत होतं. चार, पाच, सहा. तो खोल आवाज घाईशिवाय चालला होता, वर, खाली, वर, खाली, खडीवरून ग्रेडर जावा तसा. नऊला थोरली बहीण सुटली. चौदा. सतराला टीगन, आणि मग आवाजांची सरमिसळ झाली. एकोणीस, वीस. वीस म्हणताना मला उगीचच वाटलं की मी त्याचा शब्द वापरतोय. एकवीस, बावीस. मी मान वर केली.

लेस्टरने पुढची खाच पुरी करून ओंडक्याला वळसा घातला होता आणि मागून तोडत होता. दंतवैद्य नुकताच मागे पोचत होता. टीगन दोघांपेक्षा दुप्पट वेगाने येत होती, आणि तिच्या पलीकडचा उस्ताद तर लाकूड खात असल्यासारखा. प्रेक्षकांत कुणीतरी "लेस!" ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले. नोरीन ओरडत नव्हती. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. नंतर म्हणाली, काहीच हरवलं नव्हतं.

उस्तादाचा ओंडका पडला. मग टीगनचा. मग दंतवैद्याच्या ओंडक्याने मान डोलावली, आणि तो डोलवत असताना लेस्टरचा वरचा तुकडा सरकून चिखलात उतरला, कसलाही आवाज न करता. डोलणारी मान दोन घाव आणखी टिकली.

तिसरा.

दंतवैद्य धापा टाकत म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझी खुर्ची मला देशील का? आत्ता?"

टीगन येऊन लेस्टरच्या ओंडक्याच्या खाचेत बोट फिरवत होती. "मागच्या बाजूचा तिसरा घाव वाकडा गेलाय," ती म्हणाली.

"चौथा," लेस्टर म्हणाला. "तिसरा बरा होता."

डार्सी वही घेऊन आला. त्याने लेस्टरकडे बघितलं, ओंडक्याकडे बघितलं, डोंगराकडेही बघितलं, कुठूनही मदत मिळाली नाही.

"पुढच्या शनिवारपासून चार," तो म्हणाला. "हे बक्षीस नाही, लक्षात ठेव. शिक्षा आहे."

"आभारी आहे," लेस्टर म्हणाला.

"तो सुरुवातीला काय पुटपुटत होता रे?" डार्सीने मला बाजूला घेऊन विचारलं. "प्रार्थना?"

"तसंच काहीतरी."

"लेस? तो चर्चमध्ये फक्त गटार साफ करायला जातो." डार्सीने वही मिटली. मग दोरीपाशी जाऊन त्या हिरव्या खुर्चीत बसला, चहाचा कप भोकात ठेवला आणि बराच वेळ उठला नाही. पाठीला बरी असते, हे त्याने खरं सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी मी व्हरांड्यात टोस्ट खात होतो. लेस्टर फाटक उघडून आत आला. कानामागे पेन्सिल, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा.

"काय लिहिलंस परवा?" मी विचारलं.

"'तीनला पण वीस असतं. नोरीन.'" त्याने दांडा टेकवला. "मोज. चारपर्यंत."

"चारला काय शिकायचंय? तीन झालं की वीस म्हण, मग चार. चोवीस."

"तेच मलाही वाटलं. काल टीगनने फोनवर टिपलेलं शनिवारचं सगळं ऐकवलं. तुझा तीन, 'थ्री', दातांतून येतो. जीभ लागली की लगेच ऐकू येतो. चार, 'फोर', तसा नाही. चारला तू आधी खालचा ओठ वरच्या दातांखाली घेतोस, मग हवा सोडतोस, मग आवाज. आवाज यायला पापणीभर उशीर आहे. मी आवाजावर जायचं की ओठावर?"

एकतीस वर्षं मी हा शब्द त्यांच्या भाषेत म्हणतोय आणि ओठ कुठे असतो याचा विचार एकदाही केला नव्हता. मी टोस्ट खाली ठेवला आणि हळूच 'चार' म्हणून पाहिलं. उशीर होता.

"हा माझा दोष आहे," मी म्हटलं. "सुधारतो."

"नको, नको," लेस्टर घाईने म्हणाला. "तू सुधारलास तर मला पुन्हा पहिल्यापासून लागायचं. आधी आहे तसं म्हण. सुधारायचं ते आपण फेब्रुवारीत बघू."

तो अंगणात चार पावलं मागे गेला, उभा राहिला, डोळे अर्धे मिटले. मी घड्याळ काढलं, एक, दोन, तीन म्हटलं, आणि खालचा ओठ वरच्या दातांखाली घेतला.